स्वस्त काऊन आहे?

सकाळचे नऊ अठ्ठावन्न. एका हातात चहा, दुसरा हात माऊसवर, प्रवाशांची नावं आधीच भरून ठेवलेली आणि घरात सगळ्यांना सक्त ताकीद, की पुढची पाच मिनिटं कोणी वायफाय वापरायचं नाही. विदर्भ एक्स्प्रेसचं तात्काळ तिकीट ज्याने असं काढलंय, आणि तेही कन्फर्म, त्याला जगातलं कुठलंही बुकिंग जमतं, असा माझा ठाम समज होता. ऑफिसात तर मी त्यासाठी फेमस आहे. दिवाळीत कोणाला पुण्याला जायचं असो नाहीतर कोणाच्या सासूला शिर्डीला, सगळे आधी माझ्या डेस्कपाशी येतात.

म्हणूनच ताईने जर्मनीहून फोन करून विचारलं, "आई-बाबांचं फ्रँकफर्टपासून पुढचं कसं करायचं गं?" तेव्हा मी एका सेकंदात म्हणाले, "ट्रेनचं माझ्याकडे लागलं. तू फक्त बाळाकडे बघ."

ताई उल्मला असते. दक्षिण जर्मनीत, डॅन्यूबच्या काठी, आइन्स्टाइनचा जन्म जिथे झाला ते गाव. फ्रँकफर्ट विमानतळापासून ट्रेनने साधारण अडीच तास. बाळंतपणाची तारीख सप्टेंबर २०२५च्या मधली. आई-बाबा महालक्ष्म्या आटोपून निघणार, नागपूर ते मुंबई, मुंबई ते फ्रँकफर्ट आणि मग ट्रेन. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. आईच्या गुडघ्यांचं तुम्हाला काय सांगू! आमच्या इतवारीतल्या घराचा जिना उतरतानाही ती प्रत्येक पायरीला एकेका देवाचं नाव घेते.

आणि बाबा. बाबांनी चौतीस वर्षं मिरचीच्या एका आडतीवर दिवाणजी म्हणून काम केलं. ठोक बाजार बराचसा कळमन्याला गेला तरी शहीद चौकामागची आमची बोळ अजून दुपारी ठसकते. नवा माणूस आला की दाराशीच शिंकतो. बाबांचा रेल्वेशी संबंध म्हणजे इतवारी स्टेशनहून सुटणारी छोटी लाइन. हंगामात ते त्या नॅरोगेजने उमरेड ओलांडून भिवापूरला मिरची बघायला जायचे. पुठ्ठ्याचं तिकीट खिशात, डबा हातात आणि गाडी पोचेल तेव्हा पोचेल. ती लाइन ब्रॉडगेजच्या कामासाठी नोव्हेंबर २०१९मध्ये बंद झाली. ऑनलाइन तिकीट नावाची गोष्ट बाबांनी आयुष्यात एकदाही काढलेली नाही.

थोडक्यात काय, एक्स्पर्ट मी होते.

दोन फ्रँकफर्ट

व्हिसा हातात येईपर्यंत ट्रेनला हात लावायचा नाही, एवढी अक्कल मला होती. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण प्रकरण अडलं तर पंचेचाळीसही लागू शकतात. मधल्या काळात पैसे परत न मिळणारं तिकीट काढून बसलात आणि व्हिसा नाकारला, तर तिकिटाची प्रिंट फ्रेम करून भिंतीवर लावायची. दुसरा उपयोग नाही.

व्हिसा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला. त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन बसले. जर्मन रेल्वेची, म्हणजे डॉयचे बानची साइट इंग्रजीत आहे, दिसायला एकदम सुटसुटीत. कॅप्चा नाही, रांग नाही. मी 'फ्रँकफर्ट' टाइप केलं आणि खाली यादीच उघडली. फ्रँकफर्ट माइन, फ्रँकफर्ट ओडर, फ्रँकफर्ट विमानतळ...

हा पहिला झटका. फ्रँकफर्ट दोन आहेत! आपलं विमान उतरतं ते माइन नदीवरचं. दुसरं ओडर नदीवरचं, पार पोलंडच्या सीमेवर, देशाच्या दुसऱ्या टोकाला. विमानतळावरही पुन्हा दोन स्टेशनं. एक लोकल गाड्यांचं, टर्मिनलच्या खाली. दुसरं लांब पल्ल्याच्या गाड्यांचं, त्याला फर्नबानहोफ म्हणतात. उल्मची गाडी तिथून.

"का पाहून राहिली गं एवढं?" बाबांनी पलंगावरून विचारलं.

मी सांगितलं. बाबांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "आपल्याकडे का वेगळं आहे? बिलासपूरकडून येणाऱ्या काही गाड्या नागपूरला येतच नाहीत, इतवारीलाच संपतात. पाहुणे इकडे उतरतात अन् घेणारे मोठ्या स्टेशनावर उभे."

खरंच की! आता तर आमच्या स्टेशनचं अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी झालंय. बाहेरगावच्या माणसाने नुसतं नागपूर टाइप केलं तर त्याला आमचं स्टेशन कुठून सापडणार? परक्या देशातलं तिकीट काढताना आपण सगळे तो बाहेरगावचा माणूस असतो. म्हणून शहराचं नाव पुरत नाही, स्टेशनचं पूर्ण नाव बघायचं. मी ताईला फोटो पाठवून खात्री केली आणि पुढे गेले.

सीट पक्की, भाडं हलतं

आपल्या डोक्यात तिकिटाचं एक गणित फिट बसलेलं असतं. राजधानी, दुरांतोचं फ्लेक्सी भाडं सोडा, पण आपल्याकडे भाडं ठरलेलं असतं. सगळी मारामारी सीटसाठी. आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून एकशे वीसऐवजी साठ दिवस आधी उघडतं, आणि साठाव्या दिवशी सकाळी आठला नाही काढलं तर वेटिंग, आरएसी, चार्ट, देवाची कृपा.

जर्मनीत उलटं आहे. तिथे लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांत वेटिंग लिस्ट नावाचा प्रकारच नाही. तिकीट काढलं की गाडीत चढायचा हक्क मिळाला. सीट राखून हवी तर माणशी पाच-साडेपाच युरो वेगळे. हलतं ते भाडं. एकाच गाडीच्या, एकाच डब्याच्या तिकिटाला तीन-तीन भाव. सगळ्यात स्वस्त ते त्या एकाच गाडीचं, रद्द होत नाही, पैसे परत नाहीत. मधलं तेही त्याच गाडीचं, पण प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत थोडा भुर्दंड भरून रद्द करता येतं. आणि सगळ्यात महाग ते लवचीक. त्या दिवसाची त्या मार्गावरची कुठलीही गाडी पकडा.

(प्रत्येक देशाचा फंडा वेगळा, हेही तेव्हाच कळलं. फ्रान्सच्या टीजीव्हीत आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत सीट आरक्षण सक्तीचं. इटलीत साध्या लोकलचं कागदी तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये छापून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असून दंड. परदेशी पाहुण्यांसाठीचे पासही असतात, पण ते खूप फिरणाऱ्यांसाठी. जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला, तेव्हापासून तिथेही आधी कागद-पेन घेऊन बेरीज करावी लागते. आई-बाबांना एकदा जायचं आणि एकदा यायचं. पास कशाला?)

माझ्यासमोर स्क्रीनवर काय होतं, ऐका. विमान सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी उतरणार. आठ त्रेपन्नची गाडी, मॅनहाइमला नऊ मिनिटांत बदलून उल्म, स्वस्तातलं तिकीट, दोघांचे मिळून अठ्ठावन्न युरो. याच प्रवासाचं लवचीक तिकीट एकशे नव्वदच्या घरात. आणि दुपारी एकच्या सुमाराची थेट गाडी, न बदलता, स्वस्तातलंच तिकीट, चौसष्ट युरो.

युरो तेव्हा शंभर रुपयांच्या वर होता. अठ्ठावन्न आणि एकशे नव्वद यातला फरक म्हणजे तेरा हजारांहून जास्त. त्यात ते लवचीक तिकीट घ्यायचा प्रश्नच नव्हता. आणि एकची गाडी? सातला उतरून एकपर्यंत काय विमानतळावर झाडू मारायचा?

"अठ्ठावन्न," मी विजयी स्वरात जाहीर केलं. "बाबा, बघा. एकशे नव्वदचं तिकीट अठ्ठावन्नमध्ये!"

बाबांनी चष्मा वर केला. "स्वस्त काऊन आहे?"

"ऑनलाइन असंच असतं बाबा. लवकर काढलं की स्वस्त."

"ते झालं. पण काऊन?"

मी म्हटलं, आता यांना डायनॅमिक प्रायसिंग कोण समजावणार! आईने मात्र एकच विचारलं, "गाडी बदलावी लागते का गं?"

"अगं, नऊ मिनिटं आहेत. मी रोज सीताबर्डीला बदलत नाही का?"

रोज बदलते, हे खरंच. चितार ओळीहून मेट्रो, सीताबर्डीला ऑरेंज लाइन, खापरी, तिथून ऑफिसची बस, मिहान. फक्त माझ्यासोबत तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, डिंकाच्या लाडवांचे डबे आणि आईचे गुडघे नसतात. तो मुद्दा त्या रात्री माझ्या डोक्यात आलाच नाही.

पैसे भरतानाही मी हुशारीच केली. परदेशी व्यवहार कार्डावर आपोआप सुरू नसतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमापासून नव्या कार्डावर ते आपण स्वतः ॲपमध्ये जाऊन सुरू करावे लागतात. मी ते दहा मिनिटांपुरते सुरू केले, रोजची मर्यादा दहा हजारांवर ठेवली, तिकीट काढलं आणि लगेच पुन्हा बंद केले. सेफ्टी फर्स्ट! नावं पासपोर्टवरून अक्षर न अक्षर जुळवून घातली. पीडीएफच्या तीन प्रिंट काढल्या. एक बाबांच्या खिशात, एक आईच्या पर्समध्ये, एक बॅगेत. त्या रात्री मी जाम खूश होऊन झोपले.

एक वाजून दहा मिनिटं

बाळाने आमचं वेळापत्रक बघितलेलंच नव्हतं. आई-बाबा मुंबईहून विमानात बसले आणि त्याच रात्री ताईला दवाखान्यात न्यावं लागलं. सकाळी ऑफिसात पोचते तोच जीजूंचा मेसेज. सिझेरियन झालं, मुलगी झाली, दोघी ठीक. मी डेस्कवरच रडले. शेजारच्या मुलीला वाटलं अप्रेझल झालं.

जीजू उल्म स्टेशनवर घ्यायला येणार होते. आता ते थोडा वेळच येऊ शकणार होते, तेही अकरा वीसला. म्हणजे गाडी चुकून चालणार नव्हतं.

विमान आठ पंचवीसला उतरलं. सव्वा तासाच्यावर लेट. मी ट्रॅकिंगवर बघत होते. आठ त्रेपन्नची गाडी मनातल्या मनात सुटली, तेव्हा आई-बाबा इमिग्रेशनच्या रांगेत उभे असणार. जर्मनीत नऊ चाळीस, नागपुरात एक वाजून दहा मिनिटं, आणि व्हॉट्सॲपवर बाबांचा फोन. विमानतळाच्या वायफायवरून, अडखळत.

"गाडी गेली ना गं?"

"गेली. पण थांबा, मी बघते."

आता हे नीट लक्षात घ्या, कारण मला त्या दिवशी नव्हतं कळलं. ट्रेनच लेट झाली असती, तर नियम आपल्या बाजूने असतात. एका तिकिटावरची पुढची गाडी चुकली तर दुसऱ्या गाडीने नेतात. युरोपीय महासंघाच्या नियमानुसार तासाभराच्या उशिराला पाव भाडं परत, दोन तासांना अर्धं. पण विमान लेट झालं यात रेल्वेचा काय दोष? विमानाचं तिकीट वेगळं, ट्रेनचं वेगळं. स्वस्तातलं तिकीट त्या एका गाडीचं होतं, ती गेली, संपलं. मी एकशे नव्वदचं तिकीट अठ्ठावन्नमध्ये आणलं नव्हतंच. मी अठ्ठावन्नचं तिकीट अठ्ठावन्नमध्येच आणलं होतं.

मी नवीन तिकीट काढायला घेतलं. पुढच्या गाडीचं लवचीक, दोघांचं. पेमेंट फेल. अर्थात! परदेशी व्यवहार मीच बंद केले होते. सुरू केले. पुन्हा फेल. दहा हजारांची मर्यादा. वाढवली. ॲप म्हणालं, ओटीपी टाका. मोबाइल चार्जिंगला, मीटिंग रूममध्ये. मी धावले. फोनवर बाबा, लॅपटॉपवर साइट, हातात दुसरा मोबाइल. मी बाबांना सांगत होते की वायफाय सोडू नका, मी नवा क्यूआर पाठवते, मग तो दाखवा, आणि जुना फाडू नका, आणि फलाट क्रमांक...

मागून आईचा आवाज आला. "अगं, ताई कशी आहे ते तर सांग."

मी थांबले. फोन येऊन अकरा मिनिटं झाली होती. अकरा मिनिटं मी मर्यादा आणि ओटीपी आणि क्यूआर सांगत होते. त्यांना नात झाली, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"मुलगी झाली आई. सहा वाजता. दोघी छान आहेत."

तिकडे बराच वेळ नुसताच विमानतळाचा आवाज येत राहिला. मग बाबा म्हणाले, "ठीक आहे. आता तू ठेव. मी पाहतो."

"बाबा, तुम्ही काय बघणार?"

"खिडकी आहे इथे," बाबा म्हणाले आणि फोन बंद झाला.

बाबांचा सौदा

पुढचं मला रात्री कळलं, आईकडून, भरपूर हसत.

फर्नबानहोफवर तिकिटांची खिडकी आहे. बाबांनी आईला बाकावर बसवलं, बॅगा तिच्या पायाशी लावल्या, टोकन घेतलं आणि खिडकीशी गेले. जुनी प्रिंट पुढे सरकवली. "मॅडम, ट्रेन गॉन. फ्लाइट लेट. व्हॉट टु डू?"

मॅडमने सांगितलं, हे चालणार नाही, नवीन काढावं लागेल. पुढच्या गाडीचं लवचीक तिकीट दाखवलं. आकडा बघून बाबा म्हणाले, "एनी चीप?" मॅडमने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. दुपारी एकनंतरची थेट गाडी, दोघांचे चौऱ्याहत्तर युरो. हो, तीच, जी मी महिनाभर आधी चौसष्टमध्ये सोडली होती.

आणि मग बाबांनी जर्मन रेल्वेच्या खिडकीवर तो प्रश्न विचारला. "व्हाय चीप?"

मॅडम म्हणे हसली. तिने बोटांवर मोजून सांगितलं. फक्त हीच गाडी. रद्द होणार नाही. पैसे परत नाहीत.

बाबांनी विचार केला. "ओके. वुई आर हिअर ओन्ली. नो फ्लाइट नाऊ."

वाचणाऱ्यांनो, हे वाक्य मी ऑफिसच्या बोर्डवर लिहून ठेवणार आहे. अटी त्याच होत्या, ज्या माझ्या तिकिटाच्या होत्या. पण मी त्या मान्य केल्या तेव्हा मध्ये एक अख्खं विमान होतं, इमिग्रेशन होतं, बॅगांचा पट्टा होता. बाबांनी मान्य केल्या तेव्हा ते स्टेशनातच उभे होते. चुकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यांनी वर अकरा युरो देऊन दोन सीटही राखून घेतल्या, जिन्यापासून जवळच्या डब्यात. रोख पैसे मोजून दिले, पावती घेतली, घडी करून खिशात ठेवली.

माझं तिसरं पेमेंट तेवढ्यात पास होणारच होतं. एक क्लिक बाकी होता. व्हॉट्सॲपवर पावतीचा फोटो आला, खाली बाबांचं एका बोटाने टाइप केलेलं, 'झाले. तू जेव.'

आता हिशेब करा. माझे बुडलेले अठ्ठावन्न, बाबांचे पंच्याऐंशी, एकूण एकशे त्रेचाळीस. लवचीक तिकिटापेक्षा तरीही स्वस्त! मी हे ताईला ऐकवलंही, थोडा मान राखायला. ताई म्हणाली, "आई साडेतीन तास बाकावर बसली होती."

तो आकडा कुठल्याच पावतीवर येत नाही. अकरा वीसला पोचणारी माणसं साडेतीनला पोचली. जीजू स्टेशनवर येऊ शकले नाहीत, त्यांच्या शेजाऱ्यांनी आई-बाबांना आणलं. सुजलेल्या गुडघ्याने आई दवाखान्यात गेली, तेव्हा नात साडेनऊ तासांची होऊन गेली होती. पहिल्या दिवसातले चार तास. माझी तिकीट-हुशारी तेवढ्याला पडली.

ओली मिरची

बाबा मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पंधरा दिवसांनी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर, मांडीवर नात, मीच विषय काढला. म्हटलं, "बाबा, त्या रात्री तुम्ही विचारलं होतं. मी ऐकायला हवं होतं."

बाबा म्हणाले, "भिवापूरला मी पहिल्यांदा एकटा गेलो ना, तेव्हा एकाने मला बाजारापेक्षा स्वस्त मिरची दिली. मी खूश. बोरे उतरवून घेतले. माल ओला होता. ओली मिरची वजनात भरते, भावात स्वस्त वाटते, अन् आठ दिवसांत काळी पडते. मालकाने मला एवढंच विचारलं, स्वस्त काऊन होती, हे विचारलं होतं का?"

"मग नंतर तुम्ही ओली मिरची कधी घेतलीच नाही?"

"घेतली ना. किती वेळा. पण ज्या दिवशी उन्हात वाळवायला जागा अन् माणसं असत त्याच दिवशी. माल वाईट नसते गं. आपल्याजवळ त्याच्यासाठी सोय आहे का, ते पाहा लागते."

बस्स. डायनॅमिक प्रायसिंग म्हणजे काय, हे मला एका दिवाणजीने दीड मिनिटात समजावलं.

स्वस्त तिकिटात फसवणूक काहीच नव्हती. अटी समोर लिहिल्या होत्या, इंग्रजीत, मी त्यावर टिकही केलं होतं. पण आपण ऑनलाइनवाली पिढी किंमत वाचतो, अटींवर टिक करतो. आपल्याला वाटतं आपण सीट विकत घेतोय. खरं तर आपण अटी विकत घेत असतो. कमी पैसे दिले म्हणजे उशिराची जोखीम आपण स्वतःच्या डोक्यावर घेतली. ती पेलायला आपल्याकडे वेळ आहे का, एवढाच प्रश्न. आणि मी ती जोखीम माझ्या डोक्यावर घेतली नव्हतीच. मी इतवारीत एसी लावून बसले होते. डोकं आई-बाबांचं होतं.

तुमच्यापैकी कोणी आई-बाबांचं असं बुकिंग करणार असाल, तर माझ्याकडून एवढं घ्या. विमानाच्या पाठोपाठ ट्रेन असेल तर स्वस्तातलं तिकीट चार-पाच तासांच्या फरकाने काढा, नाहीतर सरळ लवचीक घ्या. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेन देशांच्या सीमेवर पाहुण्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तेव्हा पहिल्या प्रवासात रांगेसाठी वेळ आणखी ठेवा. काही विमान कंपन्या तिकिटासोबत 'रेल ॲण्ड फ्लाय' देतात, त्यात उतरल्यावर मिळेल ती गाडी पकडता येते. विमान बुक करतानाच ते विचारा, मी विचारलं नव्हतं. साइटने 'रुपयांत पैसे भरा' म्हटलं तर मोहात पडू नका, तो दर बहुधा महागच असतो. युरोतच भरा आणि बँक वर दोन ते साडेतीन टक्के घेईल हे धरून चाला. प्रवासाच्या दिवशी कार्डाची मर्यादा आधीच वाढवून ठेवा. आणि त्यांच्या खिशात दोनेकशे युरो रोख द्या. खिडकी अजून जिवंत आहे.

परतीचं तिकीट

नव्वद दिवस बघता बघता संपतात. ऑक्टोबरच्या शेवटी परतीच्या तिकिटाची वेळ आली. यावेळी क्रम उलटा, आधी ट्रेन, मग विमान, म्हणजे धोका मोठा. ट्रेन लेट झाली तर रेल्वे फार तर भाड्यातले थोडे पैसे परत देईल, सुटलेलं विमान देणार नाही.

मी रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला. घरात मी एकटीच. बोळीत कोणीतरी शटर ओढत होतं. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि स्क्रीन शेअर केली.

"बाबा, तीन आहेत. विमान दुपारी. पहिली सकाळची थेट, लवचीक, महाग. दुसरी तीच गाडी, पण फक्त तीच, पैसे परत नाहीत. तिसरी दोन तास उशिराची, मॅनहाइमला बदलून, सगळ्यात स्वस्त."

"तिसरी स्वस्त काऊन आहे?"

"बदलावं लागतं, आणि फक्त तीच गाडी. उशीर झाला तर विमान जाईल."

"अन् पहिली महाग काऊन आहे?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी अटी उघडल्या आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचल्या. "ही चुकली तर मागची पकडता येते. किंवा लवकर निघालो तर आधीचीही. त्या दिवसाची कुठलीही."

बाबा थोडा वेळ गप्प होते. मागे आई नातीला काहीतरी म्हणून दाखवत होती.

"पहिली काढ," बाबा म्हणाले. "तुझी आई निघताना लवकर निघणार नाही. मी ओळखतो तिला."

मी पहिली काढली. पेमेंट एका झटक्यात झालं. मर्यादा सकाळीच वाढवून ठेवली होती.